स्ट्रिंग कुठे संपते?

संगणकाच्या स्मृतीत मजकूर, म्हणजेच स्ट्रिंग, ही ओळीने मांडलेल्या बाइटांची रांग असते. तो कुठे सुरू होतो हे पत्त्यावरून कळते. कुठे संपतो हे सांगण्याची रीत मात्र प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेने आपापली ठेवली आहे. म्हणूनच एका भाषेतल्या प्रोग्रामने दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रामला कमीजास्त लांबीचा मजकूर देणे दिसते तितके सोपे नाही.

सी भाषेत मजकुरानंतर शून्य किमतीचा एक बाइट असतो आणि वाचणारा तो भेटेपर्यंत वाचत राहतो. फोर्ट्रानमध्ये असा बाइट नसतो. वीस बाइटांच्या जागेत पाच बाइटांचे नाव ठेवले की पुढे पंधरा स्पेस भरल्या जातात. असे नाव जसेच्या तसे सीच्या हाती दिले, तर शून्याच्या शोधात ती शेजारची स्मृतीही वाचू लागते.

मग फोर्ट्रानच्या सबरूटीनला लांबी कळते कशी? बहुतेक कंपायलर ती आर्ग्युमेंटच्या यादीअखेर गुपचूप जोडतात. भाषेच्या अधिकृत मानकात हा नियम नाही. तो केवळ रूढ संकेत आहे. लॅपॅक ही फोर्ट्रानमधली गणिती लायब्ररी सीमधून वापरणाऱ्या अनेकांनी एकाक्षरी आर्ग्युमेंटची ही लांबी दिलीच नाही. एका अक्षराची लांबी एक, ती वेगळी काय सांगायची? वर्षानुवर्षे ते खपूनही गेले. पण जीफोर्ट्रान कंपायलर वेग वाढवण्यासाठी त्या न दिलेल्या आर्ग्युमेंटची जागा पुन्हा वापरू लागला, तेव्हा तिथला दुसराच डेटा पुसला जाऊ लागला. २०१९ मध्ये संख्याशास्त्राच्या ‘आर’ प्रणालीला याचा फटका बसला. चूक बोलावणाऱ्या सी प्रोग्रामची होती, तरी जुने प्रोग्राम तगावेत म्हणून कंपायलरमध्येही पळवाट ठेवावी लागली.

फोर्ट्रान २००३ ने सीशी बोलण्याची अधिकृत सोय केली. त्यात अखेरच्या स्पेस छाटून शून्य बाइट स्वतः जोडावा लागतो. फोर्ट्रान २०१८ ने पत्ता आणि लांबी एकत्र बाळगणारा डिस्क्रिप्टर सीसमोर ठेवला; खरा तोडगा हाच.

उलट दिशेने, म्हणजे सीकडून फोर्ट्रानकडे, मजकूर आणताना तो किती मोठा असेल हे आधी ठाऊक नसते. अशा वेळी आधी लांबी विचारावी, तेवढी जागा राखावी आणि मग मजकूर मागवावा. सीने स्वतः जागा घेऊन मजकूर दिला असेल, तर ती मोकळी करण्याचे कामही सीकडेच सोपवावे, कारण दोन भाषांचे स्मृतिव्यवस्थापन वेगळे असू शकते.

लांबी कशात मोजली हेही ठरलेले हवे. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो. पायथन त्याची लांबी पाच सांगते, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सीसाठी पाच बाइट राखले, तर ‘म’ पूर्ण बसतो आणि ‘र’ अर्धवट तुटतो. पंधरा बाइट आणि अखेरच्या शून्यासाठी आणखी एक, अशी सोळा बाइटांची जागा लागते.