स्वादुपिंडाचे जुने दुखणे आणि पाठीतले इंजेक्शन

पोटाच्या वरच्या भागात दुखते, कळ आरपार पाठीत जाते, जेवल्यावर वाढते आणि पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते. स्वादुपिंडाला दीर्घकाळ सूज असलेल्यांना हे वर्णन नवे नाही. दुखणे गोळ्यांनी आवरत नाही, तेव्हा डॉक्टर मॉर्फिनच्या जातीची औषधे देतात. त्यांनी गुंगी येते, पोट साफ होत नाही, आणि आपल्या वयात रात्री उठताना तोल गेला तर कंबरेचे हाड मोडते. अशा वेळी ‘नर्व्ह ब्लॉक’ची गोष्ट निघते.

स्वादुपिंडाची वेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचे एक जाळे जठराच्या मागे, पोटातल्या मोठ्या धमनीभोवती असते. त्याला सीलिअ‍ॅक प्लेक्सस म्हणतात. तिथे सुईने बधिर करणारे औषध आणि बहुधा स्टिरॉइड सोडतात. सुई पाठीतून सीटी स्कॅन पाहत घालतात, किंवा तोंडातून दुर्बीण जठरात उतरवून, तिच्या टोकाच्या अल्ट्रासाउंडवर बघत. कर्करोगाच्या रोग्यांत याच जागी अल्कोहोल टोचून मज्जातंतू मारतात. नुसत्या सुजेसाठी ते सहसा करत नाहीत. तुमच्यासाठी कोणते औषध आहे, हे आधी विचारा.

आता खरे बोलायचे तर, हा कायमचा इलाज नव्हे. साधारण निम्म्या रोग्यांनाच आराम पडतो, तोही काही आठवडे ते काही महिने. आतली सूज तशीच राहते. तरीही तेवढ्या काळात नीट जेवण-झोप होऊन गोळ्या कमी होणार असतील, तर विचार करण्यासारखे आहे, असे माझे मत आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. ती स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असेल तर स्टिरॉइडमुळे काही दिवस साखर चढते. नंतर रक्तदाब उतरतो, म्हणून पलंगावरून एकदम उठू नका, आधी काठावर बसा. दोन-चार दिवस जुलाबही होतात. गुंगीचे औषध देतात, तेव्हा घरी न्यायला मुलगा-सून कोणीतरी बरोबर हवे. कुपत होलीमकडून तोफेस 17 वेळेवर घ्या, नाहीतर त्या दिवशी खिडकीपाशी ताटकळत राहाल.

इंजेक्शन घेतले म्हणून दारू-सिगारेट सुरू ठेवली तर पैसे आणि त्रास दोन्ही फुकट. शब्बाथच्या किद्दूशचा घोटही डॉक्टरांना विचारून; तीरोश चालते, आणि कोकणात आपले आजे-पणजे मनुकांच्या शरबतावरच तर किद्दूश म्हणत होते.

घरी आल्यावर ताप, काळी शौच, पोटात असह्य कळ किंवा पायात बळ नाही असे वाटले, तर सकाळची वाट न पाहता मियूनमध्ये जा.