हिमनदीच्या पाण्यातील खत

खत म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर शेणखताचा उकिरडा किंवा फुलावर आलेला ताग उभा राहतो. परंतु जेथे झाड नाही, गवत नाही, गुरे नाहीत, अशा ध्रुवप्रदेशातील ओढ्यांतही सेंद्रिय द्रव्य वाहते. ते कोठून येते व त्याचा गुण काय, हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

दक्षिण ध्रुवखंडात मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या आहेत; त्यांपैकी टेलर दरी कॅप्टन स्कॉट ह्यांनी 1903 साली प्रथम पाहिली. तेथे पाऊस नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, म्हणजे तेथील उन्हाळ्यात, हिमनद्यांच्या कडा वितळून काही आठवडे ओढे वाहतात आणि पुन्हा गोठतात.

वाऱ्याने उडालेली माती हिमनदीवर पडते. ती काळसर असल्यामुळे ऊन अधिक शोषते व खालचा बर्फ वितळवून लहान खळगे पाडते. ग्रीनलंडात 1870 साली नॉर्डेनशोल्ड ह्या संशोधकाने असल्या खळग्यांतील गाळास ‘क्रायोकोनाइट’, म्हणजे हिमधूळ, असे नाव दिले. त्या थोड्याशा पाण्यात शेवाळ व सूक्ष्म जंतू वाढतात, मरतात आणि कुजतात. हाच हिमनदीचा उकिरडा होय. वितळत्या पाण्याबरोबर त्याचा अंश ओढ्यात उतरतो. ओढ्याच्या तळाशीही शेवाळ असते व ते अतिशय चिवट असते. सुमारे 20 वर्षे कोरड्या पडलेल्या एका पात्रात शास्त्रज्ञांनी पाणी वळविले, तेव्हा एका आठवड्यातच तेथे शेवाळाचे थर पुन्हा दिसू लागले.

ह्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्य मापाने अल्प असते. हिमनदीच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन बहुधा प्रतिलिटर 1 मिलिग्रॅमहूनही कमी भरतो. परंतु त्याचा कस मोठा आहे. पऱ्हाट्या पुरल्या तर कुजण्यास फार काळ लागतो. कोवळा ताग गाडला तर लवकर कुजतो, हे आपण जाणतोच. जंतूंपासून झालेल्या द्रव्यात काष्ठांश नसतो व नत्र अधिक असते. म्हणून ओढ्यातील जीवांस ते चटकन पचते. अलास्काच्या किनाऱ्यावरील 11 पाणलोट क्षेत्रांच्या अभ्यासात, जो 2009 साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की, जेथे हिमनद्यांनी व्यापलेला भाग सर्वाधिक, तेथील पाण्यातील सेंद्रिय द्रव्यापैकी 66 टक्के जंतूंस वापरता येण्याजोगे होते. आणि त्यातील कार्बनचे वय सुमारे 4000 वर्षे भरले.

आता हिमनद्या झपाट्याने आटत आहेत. त्या वितळताना प्रथम पाणी व पोषण दोन्ही वाढतात; परंतु बर्फच सरला म्हणजे तो पुरवठाही खुंटतो. मुद्दल मोडून खाणाऱ्या कुणब्यास चार दिवस सुबत्ता भासते, तसाच हा प्रकार आहे. खताची किंमत ढिगाच्या उंचीवर नसून त्याच्या कसावर व पुरवठ्याच्या सातत्यावर असते, हा नियम ध्रुवावरील ओढ्यासही सुटलेला नाही.