मिरी, मिरची आणि तिरफळ

कावेरीच्या काठी वसलेल्या कुंभकोणम् नगरातील स्वयंपाकघरांत तिखटपणाचे दोन मानकरी आहेत. पहिली मिरी. तिला तमिळमध्ये ‘मिळगु’ म्हणतात. सर्दी-पडशाच्या दिवसांत होणारे मिळगु रसम आणि चिंचेच्या आंबट रश्श्यात मिरी वाटून केलेले मिळगु कुळंबु हे तिचे राज्य होय. दुसरी मिरची, म्हणजे ‘मिळगाय’. सांबार, लोणची आणि रोजच्या फोडण्या तिच्या ताब्यात आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले व ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात या मुलखात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकातही याच दोन तिखटांचा अंमल आढळतो.

या दोहोंच्या जोडीला अलीकडे एक तिसरे नाव बाजारात आले आहे. ‘शेजवान’ या नावाची लाल चटणी आज देशातील लहान गावांतूनही बाटलीत मिळते. चीनच्या सिचुआन प्रांतावरून हे नाव पडले. परंतु या चटणीत बहुधा लाल मिरची, लसूण, तेल आणि आंबटपणासाठी व्हिनेगर एवढेच असते. ज्या मसाल्यामुळे सिचुआनचे पदार्थ जगभर ओळखले जातात, तोच तिच्यातून गळालेला असतो. त्यामुळे अशा चटणीवर विसंबून चिनी पदार्थ करणाऱ्या गृहिणीचा असा समज होतो की, सिचुआनी पाककला म्हणजे मिरचीचा अतिरेक. हा समज चुकीचा आहे. तो दूर करण्यासाठी प्रथम तिखटपणा आणि जिभेला येणारी झिणझिणी यांतील भेद समजून घेतला पाहिजे.

तीन कुळांची तीन झाडे

सिचुआनमधील त्या मसाल्याचे चिनी नाव ‘ह्वाजाओ’ असे आहे. इंग्रजीत त्याला मिरीचेच नाव मिळाले असले, तरी मिरीशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. मिरीचा वेल ‘पायपर’ या प्रजातीचा. कुंभकोणम्‌ची जी विड्याची पाने दक्षिणेत नावाजली जातात, त्यांची नागवेलही याच प्रजातीतील आहे. म्हणजे पानाच्या चंचीतील विडा आणि मसाल्याच्या डब्यातील मिरी या सख्ख्या बहिणीच म्हणावयाच्या. मिरचीचे कूळ वांगी आणि टोमॅटो यांचे. ह्वाजाओ मात्र ‘झँथोझायलम’ नावाच्या काटेरी झाडांचे फळ असून ते ‘रुटेसी’ कुळात मोडते. लिंबू, संत्रे, शंकराला वाहण्याचा बेल आणि रोजच्या फोडणीतील कढीपत्ता हे सर्व त्याच कुळातील होत. ह्वाजाओच्या टरफलाला लिंबाच्या सालीसारखा सुगंध येतो, त्यामागे हे कुळाचे नाते आहे.

या नात्याचा एक व्यावहारिक परिणामही घडून आला. लिंबूवर्गीय झाडांना होणारा कँकर हा जिवाणूजन्य रोग या फळांबरोबर देशात शिरेल, या भीतीने अमेरिकेत १९६८ पासून त्यांच्या आयातीस बंदी होती. फळे सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून रोगजंतू नष्ट केल्यास ती आणता येतील, असे ठरून २००५ मध्ये ही बंदी उठली.

जिभेवर काय घडते

मिरचीतील कॅप्सायसिन आणि मिरीतील पायपरिन ही द्रव्ये जिभेवरील एका विशिष्ट ग्राहकाला उत्तेजित करतात. हा ग्राहक मुळात उष्णता जाणण्यासाठी आहे. सुमारे ४३ अंशांपुढील तापमान होताच तो मेंदूला भाजल्याचा इशारा देतो. मिरची खाल्ल्यावर तोंडाचे तापमान वाढत नाही, पण इशारा मात्र तोच जातो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ग्राहक ओळखला. पुढे २०२१ मध्ये ज्यूलियस यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. थोडक्यात, तिखट ही चव नसून भाजल्याचा आभास आहे.

ह्वाजाओची गोष्ट निराळी आहे. त्याच्या टरफलात सानशूल नावाची द्रव्ये असतात. ती मुख्यतः स्पर्श आणि कंप जाणणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतात. २०१३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी स्वयंसेवकांच्या ओठांना हा मसाला लावून त्यांना जाणवणारी थरथर बोटावर दिलेल्या यांत्रिक कंपनाशी ताडून पाहिली. ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी भरली. ओठ प्रत्यक्षात स्थिर असतात. पण ते थरथरत आहेत अशी वार्ता मेंदूला पोहोचते.

येथे लवंगेची आठवण होणे साहजिक आहे. विड्याला टोचलेली लवंग चावली असता जीभ बधिर होते, कारण तिच्यातील युजेनॉल मज्जातंतूंचे कार्य मंद करते. ह्वाजाओमध्ये घडते ते बहुतांशी याच्या उलट: तेथे मज्जातंतू झोपत नाहीत, ते जागे होऊन गजबजतात. तमिळ घरांत लहान मुलांची जीभ वळावी म्हणून गावठी औषधांच्या दुकानातून अक्कलकारा आणून जिभेला लावण्याची रीत आहे. त्या मुळीने होणारी चुणचुण ह्वाजाओच्या झिणझिणीशी अधिक जुळते. दोहोंतील द्रव्येही रासायनिकदृष्ट्या एकाच वर्गातील आहेत.

सिचुआनच्या स्वयंपाक्यांनी या दोन संवेदनांना दोन वेगळी नावे दिली आहेत. झिणझिणीला ते ‘मा’ म्हणतात आणि मिरचीच्या तिखटाला ‘ला’. दोहोंचा संगम म्हणजे ‘माला’. ‘मा’मुळे तोंडात लाळ सुटते, आणि ‘ला’चा दाह सलग आगीसारखा न वाटता लाटांप्रमाणे येतो-जातो. म्हणूनच केवळ मिरची वाढवून ही चव साधत नाही.

नावांनी सांगितलेला इतिहास

मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांमार्फत ती सोळाव्या शतकात भारतात आली, आणि त्याच शतकाच्या अखेरीस चिनी ग्रंथांत तिचा उल्लेख आढळतो. सिचुआनच्या स्वयंपाकात तर ती अठराव्या शतकात व त्यानंतरच रुळली. ह्वाजाओ मात्र तेथे दोन हजारांहून अधिक वर्षे वापरात आहे.

नवी वस्तू आली की तिला जुन्या ओळखीच्या वस्तूचे नाव द्यावयाचे, ही लोकांची रीत सर्वत्र सारखी आहे. तमिळांनी ‘मिळगु’वरून ‘मिळगाय’ केले, मराठीने ‘मिरी’वरून ‘मिरची’. चीनमध्ये ‘जाओ’ हे नाव मुळात ह्वाजाओ व त्याच्या भाईबंदांचे. भारताकडून गेलेली काळी मिरी तेथे ‘हूजाओ’, म्हणजे परक्यांचा जाओ झाली आणि मागाहून आलेली मिरची ‘लाजाओ’. मिरी भारतात यजमान आणि चीनमध्ये पाहुणी. यजमानपदाचा तो मान चीनमध्ये ह्वाजाओचा होता.

कोकणातील सोयरे

मग भारतात ‘मा’ अगदीच अपरिचित आहे काय? तसे नाही. ज्या झाडांपासून ह्वाजाओ मिळतो, त्यांची भावंडे भारतातही आहेत. हिमालयाच्या उतारांवर वाढणारे तुंबरू आयुर्वेदाला ठाऊक आहे आणि नेपाळी स्वयंपाकात ते ‘तिमुर’ नावाने वापरले जाते. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला वाढणारे भावंड म्हणजे तिरफळ. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘झँथोझायलम ऱ्हेत्सा’ म्हणतात. कोकणीत त्याचे नाव ‘तेफळ’ आहे. कन्नडमध्ये त्याला ‘जुम्मनकाय’ म्हणतात, आणि हे नाव जिभेला येणाऱ्या मुंग्यांवरूनच पडले आहे.

तिरफळाचे झाड उंच वाढते आणि त्याच्या खोडावर जाड, शंकूसारखे काटे असतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फळांचे घोस धरतात. काट्यांमुळे ते उतरविणे कष्टाचे असते. फळे उन्हात वाळली की उकलतात, आतील काळे चकचकीत बी टाकून देतात आणि टरफल तेवढे ठेवतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवार या पट्ट्यात बांगड्याचे सार किंवा तिखले तिरफळाशिवाय अपुरे मानले जाते. शाकाहारी घरांत ते तुरीच्या आमटीत आणि ओल्या खोबऱ्याच्या काही रश्श्यांत पडते. देशावरच्या स्वयंपाकात मात्र त्याला फारसा प्रवेश मिळाला नाही.

कोकणची रीत आणि सिचुआनची रीत यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कोकणात आठ-दहा तिरफळे किंचित ठेचून, शक्यतो न भाजता, रश्श्यात सोडतात; त्यांचा वास उतरला की काम झाले, आणि जेवताना ती बाजूला काढून ठेवतात. सिचुआनमध्ये टरफले तेलात परततात किंवा भाजून त्यांची पूड पदार्थावर भुरभुरतात, म्हणजे ती प्रत्यक्ष पोटात जाते. एकाच कुळातील फळापासून एका ठिकाणी गंध घेतला गेला, तर दुसऱ्या ठिकाणी स्पर्श.

घरच्या चुलीवर

कुंभकोणम्‌सारख्या गावी ह्वाजाओ सहजासहजी मिळत नाही. परंतु कोकणातून किंवा गोव्याहून येणाऱ्या आप्तांकरवी तिरफळे मागविता येतात. मागविताना नावाविषयी दक्षता घ्यावी. हिरडा, बेहडा आणि आवळा यांच्या मिश्रणाला ‘त्रिफळा’ म्हणतात आणि ते गावठी औषधांच्या दुकानात सर्वत्र मिळते. नावाच्या साम्यामुळे तिरफळाऐवजी त्रिफळाचूर्ण हाती पडणे अशक्य नाही. आणि ते रेचक आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

तिरफळाचा दाणा ह्वाजाओपेक्षा मोठा असून त्याचा वास अधिक उग्र, लाकडासारखा असतो. म्हणून ह्वाजाओच्या मापाच्या निम्म्यानेच आरंभ करावा. एक टरफल चावून पाहिले असता अर्ध्या मिनिटात जीभ झिणझिणली नाही, तर माल जुना समजावा. प्रकाश, दमटपणा आणि उष्णता यांनी सानशूल लवकर नष्ट होते, त्यामुळे टरफले घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि पूड लागेल तेवढीच करावी.

फरसबीची कोरडी भाजी हा शाकाहारी घराला सोयीचा सिचुआनी पदार्थ होय. त्यासाठी पाव किलो फरसबी धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि बोटभर लांबीचे तुकडे करावेत. थोड्या तेलात ती मध्यम आचेवर, साल सुरकुतेपर्यंत आणि तपकिरी ठिपके येईपर्यंत परतून बाजूला काढावी. फरसबी आतून शिजली पाहिजे. कच्ची राहिल्यास ती पोटाला बाधते. नंतर कढईत दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल घेऊन, ते थंड असतानाच, पाच-सहा बी काढलेली टरफले टाकावीत आणि आच मंद ठेवावी. कडकडीत तेलात टरफले क्षणात करपतात आणि पदार्थ कडू होतो. पहिल्या प्रयत्नातील अपयशाचे हेच नेहमीचे कारण असते. सुगंध सुटला की टरफले काढून घेऊन सहा-सात सुक्या मिरच्यांचे तुकडे, बारीक चिरलेले आले आणि चालत असल्यास लसूण घालावा. मिरचीचा रंग गडद होऊ लागताच फरसबी, मीठ, एक लहान चमचा सोया सॉस आणि चिमूटभर साखर घालून दोन मिनिटे परतावे.

शेवटी कोरड्या तव्यावर हलके भाजून कुटलेल्या आणि चाळलेल्या तिरफळाची चिमूटभर पूड वरून घालावी. चाळणे टाळू नये, कारण टरफलाचा आतील पांढरा पापुद्रा दाताखाली रेतीसारखा लागतो. पहिल्या घासाला तिखट जाणवते. थोड्या वेळाने ओठांवर बारीक थरथर सुरू होते, आणि त्यावर प्यायलेले साधे पाणीही निराळ्या चवीचे लागते. ही संवेदना काही मिनिटांत ओसरते. लहान मुलांना मात्र तिची कल्पना आधी द्यावी.

काळी मिरी वाढवून ही भाजी होणार नाही, आणि शेजवानच्या बाटलीनेही होणार नाही. कारण दोन्हींतून ‘ला’ मिळतो, ‘मा’ मिळत नाही. तिरफळाने होणारा पदार्थ चंगतूच्या भोजनगृहातील पदार्थाची हुबेहूब प्रत नसेल. परंतु ज्या संवेदनेसाठी सिचुआनचे नाव घेतले जाते, ती त्यात खचित असेल. आणि ती पुरविणारे फळ कोकणातल्या परसातून, बांगड्याच्या साराची ओळख घेऊन, कावेरीकाठच्या चुलीपर्यंत आलेले असेल.