सत्ताविसाव्या वर्षी थांबलेले पाऊल

रविवारची मिस्सा आटोपली की देवळासमोरील पटांगणात मुलांचा चेंडू उसळू लागतो, हे दृश्य आमच्या वाचकांस अपरिचित नाही. त्यांत एखादा पोर विशेष चपळ निघाला, की ‘हा पुढे नाव काढणार’ असे भाकीत करून आपण मोकळे होतो. पुढे त्याचे काय होते, याची चौकशी मात्र क्वचितच करतो. म्हणून हैदराबादच्या एका थोर खेळाडूची जीवनकथा आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तुलसीदास बलराम यांचा जन्म १९३६ साली सिकंदराबादेजवळील अम्मुगुडा येथे एका गरीब तामीळ कुटुंबात झाला. त्या काळी हैदराबाद हे फुटबॉलचे माहेरघर होते. तेथील पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे जिंकला होता. या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. पोरांमधला गुण ओळखण्याची त्यांची दृष्टी मोठी तीक्ष्ण होती, आणि बलराम त्याच दृष्टीस पडले. सरावासाठी सिकंदराबादेहून हैदराबादेस येण्यापुरतेही पैसे या मुलाजवळ नव्हते, तेव्हा रहीमसाहेबांनी सायकलच्या भाड्याची सोय करून दिली, असे सांगितले जाते. एका सायकलच्या भाड्याने देशाला केवढा खेळाडू मिळाला!

१९५६ साली बलराम मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेले. तेथे भारताने चौथा क्रमांक मिळविला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे मुंबईचे नेव्हिल डिसोझा त्यांचे त्या संघातील सोबती होते. पुढच्याच वर्षी बलराम कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबात दाखल झाले. खेळ हा तेव्हा पोटापाण्याचा धंदा मानला जात नसे. पोलीस, रेल्वे अशा खात्यांतील नोकरीच खेळाडूच्या घरची चूल पेटवीत असे. परंतु कलकत्त्याच्या मैदानात लोकांचे प्रेम उदंड होते, आणि तितकाच त्यांचा रोषही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बलराम यांनी बलाढ्य हंगेरीविरुद्ध गोल केला आणि पेरूविरुद्धही केला. १९६१ साली ते ईस्ट बंगालचे कप्तान झाले व त्या वर्षी क्लबाने कलकत्ता लीग जिंकली. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेत थायलंड व जपान या दोन्ही संघांविरुद्ध बलराम यांनी गोल केले. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम या त्रयीचे नाव घरोघर झाले. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना लाभला.

आणि नेमका येथेच घाव पडला. १९६३ साली ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या संघात आले. परंतु फुप्फुसांच्या आवरणाला सूज येऊन शरीराने साथ सोडली. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जेव्हा इतरांचा खेळ ऐन बहरात येतो, तेव्हा त्यांना मैदानाचा निरोप घ्यावा लागला. त्याच साली जून महिन्यात रहीमसाहेबही कर्करोगाने निवर्तले. शिष्याचा खेळ व गुरूचा देह, दोहोंचा अंत एकाच वर्षी झाला.

यानंतर बलराम यांच्यापुढे साठ वर्षांचे आयुष्य उरले होते. ते अविवाहित राहिले आणि हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात त्यांनी आपले उत्तरायुष्य घालविले. त्यांच्या दोन्ही सोबत्यांना पद्मश्री मिळाली, यांना ती कधीच मिळाली नाही. आपली उपेक्षा झाली हे शल्य त्यांनी लपविले नाही. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी २०२० सालीच बॅनर्जी व गोस्वामी दोघेही गेले होते.

या कथेत दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. दुखणे कोणाच्या इच्छेने येत नाही. परंतु एक विचार मनाला टोचून जातो. टाळी वाजविणारे आम्ही गोल होताच टाळी वाजवितो, आणि पाऊल थांबताच मान फिरवितो. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना धावणाऱ्यांचा दाखला दिला, तेव्हा त्यांचा मुकुट नाशवंत असतो याची जाणीवही करून दिली. मुकुट नाशवंत खरा. पण तो ज्याच्या मस्तकावर असतो तो मनुष्य नाशवंत वस्तू नव्हे. देवाने त्याला पायांसाठी नव्हे, त्याच्या स्वतःसाठी निर्माण केले आहे.

आईबापांनो, तुमच्या मुलाला खेळू द्या. देवाने दिलेला गुण पुरून ठेवणे हेही पापच. मात्र खेळाबरोबर त्याच्या हाती एखादी विद्या, एखादा हुन्नर असू द्या; कारण पाय कधी थांबतील हे कोणास ठाऊक नसते. आणि ज्याचे नाव पूर्वी पटांगणात दुमदुमत असे, असा एखादा म्हातारा खेळाडू तुमच्या गावात असेल, तर येत्या रविवारी मिस्सेनंतर त्याच्या ओट्यावर घटकाभर जाऊन बसा. त्याला आपल्या जुन्या गोष्टी सांगू द्या. रहीमसाहेबांनी सायकलचे भाडे दिले. आपल्याला तर नुसती घटकाच द्यायची आहे.