काडेपेटीचा खण आणि निर्णयाचा अर्थ

कृत्रिम बुद्धिमत्तेचा निर्णय माणसाला कसा समजावा, हा प्रश्न सामान्यतः संगणकशास्त्राचा मानला जातो. परंतु ‘समजणे’ म्हणजे काय, हा त्यातील कळीचा भाग अर्थनिर्णयनाच्या कक्षेत येतो. त्यासाठी पडद्यापेक्षा हाताळता येणारे एक जुने यंत्र अधिक उपयोगी आहे.

डोनाल्ड मिची यांनी १९६१ च्या सुमारास, संगणक हाताशी नसल्यामुळे, ‘मेनेस’ हे फुली-गोळा खेळणारे यंत्र काडेपेट्यांतून उभे केले. यंत्राला ज्या स्थितींत चाल निवडावी लागते त्या, फिरवून वा आरशात पाहून सारख्या ठरणाऱ्या एकच धरल्यास, ३०४ भरतात. तितक्याच पेट्या. प्रत्येकीवर एक स्थिती रेखाटलेली, आत रंगीत मणी, प्रत्येक रंग एका घराचा. पेटी हलवून कलती केली की खणाच्या पुढच्या कोपऱ्यात जो मणी थांबेल ती यंत्राची चाल. यंत्र हरले तर त्या डावात निघालेले मणी काढून घ्यायचे. बरोबरी झाल्यास त्याच रंगाचा एकेक आणि जिंकल्यास तीन-तीन मणी वाढवायचे. एखादी पेटी रिकामी झाली तर यंत्र डाव सोडते.

येथे खण उघडताच निर्णयाचा आधार डोळ्यांसमोर येतो. मात्र दिसते ते कारण नव्हे. मधल्या घराचे मणी अधिक आहेत एवढेच कळते. ते घर मोक्याचे का, हे पेटीत कोठेही लिहिलेले नाही. मण्यांची संख्या हा झालेल्या डावांचा संचित इतिहास आहे, आणि त्यातून डावपेच वाचून काढणारा वाचक पेटीबाहेर असतो.

रेमाँ क्नो यांचे दहा सुनीतांचे पुस्तकही १९६१ चेच, हा योगायोग अभ्यासकांना रोचक वाटावा. त्यातील प्रत्येक ओळ सुट्या पट्टीवर छापलेली आहे. पट्ट्या उलटून १०० लक्ष कोटी सुनीते जुळवता येतात. दोन्ही ठिकाणी संहिता हाताने घडते. पण क्नो यांचे पुस्तक वाचनाने बदलत नाही. मिचींच्या पेट्या प्रत्येक डावानंतर निराळ्या होतात. त्यामुळे ‘मेनेस’च्या चालीचा खुलासा मागणे म्हणजे तिच्या पूर्वीच्या प्रतिस्पर्ध्यांचाही खुलासा मागणे होय.

मराठी व्याकरण या ठिकाणी अनपेक्षितपणे मदतीला येते. ‘रामाने दोर कापला’ आणि ‘चाकूने दोर कापला’ यांत प्रत्यय एकच. एकदा तो कर्त्याचा, एकदा करणाचा. ‘यंत्राने अर्ज नाकारला’ हे वाक्य सध्या पहिल्या अर्थानेच वाचले जाते आणि यंत्र वापरणारा माणूस वाक्यातून निसटतो. अर्जदाराला दाद कोणाकडे मागायची, हे त्या वाचनावर अवलंबून आहे. काडेपेट्यांसमोर असे निसटणे अवघड: पेटी हलवणारा, मणी काढणारा, विजयाला तीनच मणी द्यावेत असे ठरवणारा माणूस तेथे समोर उभा असतो.

अर्थात हे प्रारूप फार ताणता येत नाही. ‘मेनेस’मध्ये एका स्थितीला एक पेटी असते. २०२० मधील ‘जीपीटी-३’ या भाषिक प्रारूपात १७,५०० कोटी संख्या आहेत आणि कोणतीही एक संख्या एका वाक्याची वा प्रसंगाची नाही. तीच संख्या असंख्य वाक्यांत भाग घेते. तिला मण्याचे रूप देऊन हातात ठेवले, तरी ती कोणत्या पेटीतली हे सांगता येणार नाही.