पांढऱ्या ठिपक्यांचे गणित

प्रवाळाला कीड लागली की परदेशातले हौशी लोक ते औषधी पाण्यात बुडवतात. किडे गळतात, अंडी मात्र टिकतात. म्हणून काही दिवसांनी पुन्हा बुडवणे आले. आपल्याकडे दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तेव्हा घरी प्रवाळ नकोच. पण कुर्ल्याहून आणलेल्या गोल्डफिशलाही हेच गणित लागू पडते.

माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठतात, तो दगडाला अंग घासतो. प्रत्येक ठिपक्यात, कातडीखाली, एक परोपजीवी जीव असतो. तिथे औषध पोचत नाही. पोट भरले की तो तळाशी पडतो, भोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले सुटतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध चालते ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच.

आमच्या घाटकोपरच्या चाळीत ठिपके गेले की औषध बंद! खरा शत्रू तेव्हा तळाशी असतो. शेजारच्या चार पेट्या सांभाळून माझा लोकलचा पास निघतो, त्यामुळे कला शाखेत असूनही हे शिकावे लागले. लिटरला दोन ग्रॅम मीठ, तेही हळूहळू (काका मंडळी 'चवीपुरते' टाकतात). तळाचा गाळ रोज नळीने ओढायचा, हवेचा पंप चालू ठेवायचा. २५ अंशांला जंतूचा फेरा आठवड्याभरात पुरा होतो, थंडीत लांबतो. म्हणून ठिपके गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवावेत.