पाहुणीच्या पर्समधला कागद

मागच्या डिसेंबरात आमच्याकडे इंग्लंडहून एक पाहुणी आली होती. माझी भाची तिकडे नोकरीला आहे, तिच्याच ऑफिसातली ही मुलगी. वय अठ्ठावीस. अजिंठा-वेरूळ बघायचं म्हणून एकटीच निघालेली. भाचीचा फोन आला, "मामी, तिला हॉटेलात नको गं राहू देऊस. चार दिवस तुझ्याकडेच ठेव."

ठेवते म्हटलं. जालन्यात पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही. आमचे हे मात्र जरा बिचकले. परदेशी माणूस घरी मुक्कामाला ठेवला तर चोवीस तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावं लागतं, हे त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. मला तोवर ठाऊकही नव्हतं. तिचा पासपोर्ट, व्हिसा, आमचा पत्ता, सगळं भरून झालं तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

मुलगी गोड होती. ज्वारीची भाकरी, ठेचा सगळं खाल्लं. ठेच्यानंतर अर्धा तांब्या पाणी प्यायली, पण खाल्लं. गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून येऊन बघून जात होत्या. शेजारच्या काकूंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढ्या लांब एकलीच आली का वं ही? आई-बापानं सोडलीच कशी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात बसली होती. रुमाल काढायला तिनं पर्स उघडली आणि एक घडी घातलेला कागद खाली पडला. मी उचलून दिला, तर तिनंच उलगडून माझ्या हातात ठेवला. तिच्या देशाच्या सरकारनं भारतात जाणाऱ्यांसाठी दिलेल्या सूचना होत्या. तिनं छापून आणल्या होत्या आणि काही ओळींवर पिवळ्या पेनानं खुणा केल्या होत्या.

माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, पण वाचता आलं. महिलांनी भारतात जपून राहावं. अंधार पडल्यावर एकांताच्या जागी जाऊ नये. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ-पिऊ नये. कुठं उतरलो आहोत ते कुणालाही सांगू नये. इथल्या पद्धतीचे अंगभर कपडे घालावेत. परदेशी महिलांवरही अत्याचार झाले आहेत, हेही स्पष्ट लिहिलेलं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला राग आला. आपण 'अतिथी देवो भव' म्हणत लहानाच्या मोठ्या झालो आणि यांच्या लेखी आपला देश म्हणजे गुन्हेगारांचा! मी तिला म्हटलं, "हे सगळं मोठ्या शहरांतलं. आमच्या जालन्यात असं काही नाही." ती हसली, कागदाची नीट घडी घातली आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला. फेकून नाही दिला.

रात्री झोप येईना. चार वर्षांपूर्वी माझी मुलगी शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा बसस्टँडवर उभं राहून मी तिला काय काय सांगितलं ते आठवायला लागलं. रात्रीच्या बसनं येऊ नकोस. आलीस तर बाईशेजारचं सीट घे. कुणी बिस्किट दिलं तर खाऊ नकोस. रिक्षात बसलीस की नंबर पाठव. कुठं राहतेस ते सांगत फिरू नकोस. ओढणी घे. परक्या देशाच्या सरकारनं जे छापलं होतं, ते मी माझ्या लेकीला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. मग राग कशाचा आला? त्यांनी खोटं लिहिलं म्हणून, की आपल्या घरातली गोष्ट बाहेरच्यानं बोलून दाखवली म्हणून?

आकडेही काही वेगळं सांगत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात महिलांवरील गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ तक्रारी नोंदल्या गेल्या. म्हणजे तासाला पन्नासहून जास्त. आणि या फक्त नोंदलेल्या.

सोमवारी अजिंठ्याला निघायचं ठरवलं होतं. बरं झालं, ह्यांना वेळेवर आठवलं की सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. बायांनो, तुम्हीही लक्षात ठेवा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन कुलूप बघून यावं लागतं. मग मंगळवारी भोकरदन, सिल्लोड करत गेलो. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर पोरगी कितीतरी वेळ गप्प उभी होती. दहाव्या लेण्याशी मी तिला जॉन स्मिथची गोष्ट सांगितली. १८१९ साली शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि पठ्ठ्यानं तिथल्या चित्रावर आपलं नाव कोरून ठेवलं. "तोही टूरिस्टच की!" मी म्हटलं, आणि ती खळखळून हसली. माझी थोडी भरपाई झाली.

पण त्याच दिवशी काय काय झालं तेही सांगायला हवं. दगडांच्या माळा विकणारे मागे लागले, ते पोटासाठी. त्यांचं काही नाही. त्रास दुसराच होता. सहलीला आलेली पोरं "मॅडम, वन सेल्फी" म्हणून घेरत होती. पहिल्या दोघा-तिघांना ती हसून हो म्हणाली. मग एकानं खांद्यावर हात ठेवला. ती आक्रसली. मी मध्ये पडले तर म्हणतो, "काकू, फोटोच तर काढतोय!" तिला विचारलं, असं रोज होतं का? म्हणाली, दिल्ली-आग्र्यापासून रोज. पहिल्या दिवशी नाही म्हणाले तर चिडले, म्हणून आता हो म्हणते. हे ऐकून मी गप्पच झाले. भीतीपोटी म्हटलेल्या होकाराला आपण त्यांचं मनमोकळेपण समजतो!

मोठे गुन्हे रोज घडत नाहीत, पण घडतात. मार्च २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या दतियाजवळ नवऱ्याबरोबर सायकलवरून फिरणाऱ्या स्विस महिलेवर सामूहिक अत्याचार झाला. नवरा सोबत होता, तरी. सहा जणांना त्याच वर्षी जन्मठेप झाली. मार्च २०२५ मध्ये हंपीजवळ रात्री कालव्याकाठी बसलेल्या इस्रायली पर्यटक मुलीवर आणि तिला राहायला जागा देणाऱ्या तिथल्याच होमस्टेच्या तरुणीवरही अत्याचार झाला. सोबतच्या एका तरुणाचा जीव गेला. त्यातली यजमान बाई माझ्या डोक्यातून जात नाही. पाहुणीला जपायला निघालेली आपलीच मुलगी होती ती.

आणि एक मुंबईचं. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस खारमध्ये दक्षिण कोरियाची एक तरुणी रस्त्यावरून मोबाइलवर थेट व्हिडिओ दाखवत चालली होती. एका तरुणानं तिचा हात ओढला, जबरदस्तीनं जवळ यायला बघितलं, स्कूटरवरून पाठलाग केला. हे सगळं जगानं बघितलं. पोलिसांनी दोन दिवसांत दोघांना पकडलं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तो व्हिडिओ बघत असलेला एक मुलगा धावत तिथे गेला, त्या टवाळांना हटकलं आणि तिला हॉटेलपर्यंत जाता येईल असं बघितलं. पुढे तिनं मदत करणाऱ्या दोघांबरोबर जेवतानाचा फोटोही टाकला. रस्ता तोच, वयही तेच. एक पाठलाग करतो, दुसरा धावून येतो. हा दुसरा कुणाच्या घरात घडतो, हे मला त्या आईला विचारायचं आहे.

कारण बुधवारी जे झालं, ते माझ्याच घरात.

मंगळवारी अजिंठ्याहून परतल्यावर मी आणि ती मोती तलावाकडे एक चक्कर मारून आलो होतो. बुधवारी जेवताना माझा धाकटा मोबाइलमध्ये बघून गालातल्या गालात हसत होता. माझी चाहूल लागली तसा त्यानं फोन उलटा ठेवला. आई झाले की असं उलटं ठेवलेलं लगेच कळतं. मी फोन मागितला. त्यांच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. मागून काढलेला. पाहुणी चालतेय, वर कसलंसं उडतं गाणं चिकटवलेलं, खाली वाट्टेल ते लिहिलेलं. आणि तिच्या शेजारी माझी निळी साडी. पोरांना तीही ओळखू आली नव्हती.

"मी पुढे नाही पाठवला गं, आई," तो म्हणाला.

"पण ही माझी आई आहे, आमची पाहुणी आहे, एवढं तरी लिहिलंस का?"

तो खाली मान घालून बसला. मी पंधरा वर्षं महिला मंडळात बोलते. मुलीला बसस्टँडवर यादी दिली. मुलाला कधी कुठली यादी दिली होती? आठवून बघितलं. गाडी हळू चालव, एवढंच.

व्हिडिओ कुणी काढला तेही कळलं. आमच्याच बचत गटातल्या एका मैत्रिणीचा मुलगा. रात्री मुलाला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मैत्रीण आधी म्हणाली, "जाऊ दे ना ताई, पोरवय आहे." मी तिला व्हिडिओखालचं वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीला तिनं थांबवलं. मग तिनं पोराला जे सुनावलं ते इथं लिहिता यायचं नाही! व्हिडिओ ग्रुपवरून काढला. कुणाकुणाकडे जाऊन पोचला असेल, ते आता कोण सांगणार?

ही माझी मैत्रीणच मुळात प्रवासाला दुखावलेली. २०१८ साली आम्ही गटातल्या बारा जणी काशीला गेलो होतो. परतताना रेल्वेत रात्री हिची पोत गेली. दोन ठिकाणी विचारलं. "आमच्या हद्दीत घडलं नाही" म्हणून परत पाठवलं. घरी आल्यावर बोलणी बसली ती वेगळीच. तेव्हापासून तिनं उंबरा ओलांडला नाही. पोत दीड तोळ्याची होती, पण गेली ती हिंमत.

म्हणून हे जरा नीट वाचा. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. याला झीरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ते स्पष्ट लिहिलं आहे, आणि तक्रारीची प्रत फुकट मिळते. 'हद्द' म्हणून कुणी परत पाठवलं तर हे कलम सांगायचं. रेल्वेत १३९ लावायचा. एकटीनं लांबच्या प्रवासाला निघालात तर रेल्वे सुरक्षा दलाची 'मेरी सहेली' नावाची महिला जवानांची पथकं आहेत, त्या डब्यात येऊन चौकशी करतात. लाजू नका, बोला. बाकी कुठेही ११२. पर्यटकांसाठी १३६३ हा चोवीस तास चालणारा नंबर आहे, परदेशी भाषांतही बोलतात. हा मी पाहुणीच्या फोनमध्ये घालून दिला. कुणी नको असताना मागे मागे फिरत असेल, तर तो २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि नव्या न्याय संहितेतही आहे. दागिने घरी ठेवा. जत्रेला खोटी पोत घालून गेलं तर देव काही रागावत नाही, हे माझं मत.

लेकाकडे, लेकीकडे परदेशी जाणाऱ्याही आता आपल्यात खूप आहेत. तिकडे सगळं आलबेल असतं असं समजू नका. पॅरिस, रोमच्या गर्दीत पाकीटमारांनी हैराण केलेले आपले लोक कितीतरी. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवायची, मूळ प्रत वेगळी. हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग आपला दूतावास. घरी परतण्यापुरता तातडीचा दाखला ते देतात.

गुरुवारी रात्री पाहुणीला व्हिडिओचं सांगायचं की नाही, यावर घरात वाद झाला. ह्यांचं म्हणणं, कशाला, उद्या जाणारच आहे, देशाची अब्रू जाते. मी सांगितलं. मुलाला शेजारी बसवून सांगितलं. तो मोडक्या इंग्रजीत 'सॉरी' म्हणाला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, याआधीही असं झालं असेल, पण मला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी वंदे भारतनं ती मुंबईला निघाली. स्टेशनवर माझ्या मुलानं तिची बॅग डब्यात नेऊन ठेवली. शेजारच्या सीटवर एक आजीबाई होत्या, त्यांना म्हणाला, "आजी, ह्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा." आजींनी मान हलवली, पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि तिच्यापुढे धरला. पोरीनं माझ्याकडे बघितलं. अनोळखी माणसानं दिलेलं खायचं नाही, असं कागदावर होतं ना! खिडकीतून मी मानेनंच 'खा' म्हटलं.